इंजिनाची जुळणी आणि 'जुळणे' या क्रियापदाचा अर्थ : सातारा-सांगलीतील जुन्या जीपच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

जुन्या मोटारीचे निकामी झालेले इंजिन पुन्हा उभे करण्याच्या कामास आपल्याकडील कारागीर 'इंजिन बांधणे' असे म्हणतात. घर बांधावे, मोट बांधावी, त्याप्रमाणेच इंजिनही बांधावयाचे. परंतु भिंतीतील दोन विटांची अदलाबदल केली तरी भिंत उभी राहते. इंजिनातील दोन सारख्या दिसणाऱ्या भागांची अदलाबदल केली असता इंजिन राहीलच अशी शाश्वती देता येत नाही. म्हणून इंजिन बांधणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो हा की, कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो? आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न असतो, तो असा की 'जुळतो' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घडलेले असते?

पहिला प्रश्न यंत्रशास्त्राचा व दुसरा भाषाशास्त्राचा, अशी वाटणी सकृद्दर्शनी सोयीची वाटते. तथापि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेता येत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या कामात होणाऱ्या चुकांपैकी काही चुका हाताच्या नसून शब्दांच्या असतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विवेचनासाठी सातारा व सांगली हे दोन जिल्हे घेतले आहेत. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश एकाच घराच्या दोन खोल्यांसारखा आहे. यंत्रविद्येशी त्याचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये कारखाना वसविला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला. आणि यंत्रांच्या भागांना मराठी नावे देणाऱ्या विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्टनला 'दट्ट्या', बेअरिंगला 'धारवा' आणि फ्लायव्हीलला 'प्रचक्र' म्हणणारी परिभाषा, आणि या सर्वांना त्यांच्या इंग्रजी नावांनीच हाक मारणारी कामशाळा, या दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदत आल्या आहेत. नामे परकी राहिली; क्रियापदे मात्र मराठीच राहिली. आपला विषय या क्रियापदांशी निगडित आहे.

२. चार क्रियापदे

सुटे भाग परस्परांस अनुरूप असण्याविषयी कामशाळेत बोलताना मुख्यतः चार क्रियापदे वापरली जातात : लागणे, बसणे, जुळणे आणि चालणे. ती समानार्थी नाहीत.

'या इंजिनाला कोणता पिस्टन लागतो?' या प्रश्नात नियमाची विचारणा आहे. निर्मात्याने या जातीच्या इंजिनासाठी कोणता भाग योजिला, एवढेच तेथे विचारलेले असते. 'हा बसतो का?' या प्रश्नात जागेची विचारणा आहे. भाग आपल्या ठिकाणी जातो किंवा नाही, एवढेच पाहावयाचे असते. 'हे दोन जुळतात का?' यात दोन वस्तूंचा परस्परसंबंध अभिप्रेत असतो आणि म्हणून हे क्रियापद स्वभावतःच अनेकवचनी कर्त्याची अपेक्षा करते. 'दुसऱ्या कंपनीचा चालेल का?' यात मूळ भागाच्या अभावी केलेल्या तडजोडीची मर्यादा विचारलेली असते.

यांपैकी एक विधान सत्य असताना दुसरे असत्य असू शकते. लागणारा भाग झिजलेला असेल तर तो जुळत नाही. न लागणारा भाग पुष्कळदा बसतो. बसलेला भाग काही काळ चालतोही. इंजिन बांधण्यातील कौशल्य बव्हंशी या चार विधानांची गल्लत न करण्यात आहे.

'बसणे' या क्रियापदाची आणखी एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. 'रिंगा बसल्या' म्हणजे नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून एकरूप झाल्या. 'इंजिन बसले' म्हणजे मात्र ते बंद पडले, कामातून गेले. एकाच क्रियापदाने सुस्थिती व विनाश अशी दोन्ही टोके दाखविली जातात. या द्व्यर्थाचा प्रत्यय पुढे येणार आहे.

३. जातीची जुळणी

उदाहरणासाठी विलिस जीपचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन घेऊ. दुसऱ्या महायुद्धात हे वाहन विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर बनविले. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली. सरकारी खात्यांत, शेतावर आणि ज्यास या भागात 'वडाप' म्हणतात त्या प्रवासी वाहतुकीत जीप या जातीच्या वाहनाने अनेक वर्षे सेवा केली. आज ज्या जुन्या जीपा हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातात, त्यांतील इंजिने बहुधा दोन-तीन इंजिनांच्या अवशेषांतून बांधावी लागतात. जुळणीचा प्रश्न तेथे उद्भवतो.

या इंजिनाची दोन मुख्य रूपे आहेत. पहिल्यात इनलेट व एक्झॉस्ट या दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये असतात. त्यास एल-हेड म्हणतात. दुसऱ्यात एक्झॉस्ट झडपा ब्लॉकमध्येच राहिल्या, परंतु इनलेट झडपा वर हेडमध्ये नेल्या, ते एफ-हेड. यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि सीजे-३बी या जीपचे बॉनेट उंच झाले ते याच कारणाने. दोन्ही रूपांत सिलिंडरचा बोअर ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच हाच आहे. म्हणून दोहोंचे घनफळ १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २,२०० घन सेंटिमीटर भरते. याचा परिणाम असा की, क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड यांसारखे खालच्या भागातील घटक या दोन रूपांत पुष्कळ अंशी परस्परांस उपयोगी पडतात. परंतु झडपा चालविणारा कॅमशाफ्ट, हेड आणि हेडखालील गॅस्केट ही मात्र भिन्न आहेत.

याहून सूक्ष्म भेद एल-हेडच्याच पोटात आहे. युद्धकाळातील इंजिनात क्रँकशाफ्ट कॅमशाफ्टला साखळीने फिरवितो. युद्धोत्तर नागरी जीपच्या काळात साखळी जाऊन तेथे परस्परांत गुंतणारी दंतचक्रे आली. बाहेरून पाहणाऱ्यास हा फरक किरकोळ वाटेल. परंतु साखळीने जोडलेली दोन चक्रे एकाच दिशेने फिरतात, आणि दात दातांत गुंतलेली दोन चक्रे विरुद्ध दिशांनी फिरतात. म्हणजे एका इंजिनातील कॅमशाफ्ट दुसऱ्यातील कॅमशाफ्टच्या उलट फिरतो. आता, प्रत्येक सिलिंडरात एक्झॉस्ट झडपेपाठोपाठ इनलेट झडप उघडावी, असा क्रम कॅमच्या उंचवट्यांत घडविलेला असतो. तोच शाफ्ट उलट फिरविला तर क्रमही उलटतो, आणि इंजिन चालू होण्याची आशा उरत नाही.

गोष्ट येथेच थांबत नाही. तेलाचा पंप कॅमशाफ्टवरील तिरप्या दातांच्या चक्राकडून गती घेतो आणि डिस्ट्रिब्यूटर त्याच पंपाच्या दांड्यावरून फिरतो. कॅमशाफ्टची दिशा बदलली असतानाही पंप व डिस्ट्रिब्यूटर पूर्वीच्याच दिशेने फिरावयाचे तर दातांचा तिरपेपणा उलट करावा लागतो. म्हणून साखळीच्या इंजिनाचा पंप दंतचक्राच्या इंजिनास लागत नाही. एका जोडणीतील भेद अशा रीतीने तीन घटकांपर्यंत पोचतो. वाक्यात कर्त्याचे लिंग बदलले असता विशेषण व क्रियापद या दोहोंची रूपे बदलावी लागतात, त्याच प्रकारची ही अन्विती आहे. एक घटक एकट्याने बदलता येत नाही. त्याच्या अधीन असलेले सर्व घटक बरोबर बदलावे लागतात.

फ्लायव्हीलच्या कड्याची गोष्ट अशीच. जुन्या कड्यास ९७ दात असतात, पुढच्या काळातील एका प्रकारास १२९. व्यास जवळजवळ तेवढाच राहून दात वाढले म्हणजे प्रत्येक दात बारीक झाला. स्टार्टरचे छोटे चक्र त्याच मापाच्या दातांचे नसेल तर ते कड्यावर आदळते; दोहोंचे दात तुटतात. येथे 'फ्लायव्हील कोणते लागते?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या स्टार्टरबरोबर?' हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही.

४. मापाची जुळणी

जात जुळली तरी माप जुळावयाचे राहते. झिजलेला सिलिंडर पुन्हा बोअर केला की तो मोठा होतो, म्हणून त्यात मोठा पिस्टन घालावा लागतो. क्रँकशाफ्टची घासलेली मान ग्राइंड केली की ती बारीक होते, म्हणून तिच्याभोवतीचे बेअरिंग जाड घ्यावे लागते. ही वाढ किंवा घट ठरावीक पायऱ्यांनी होते : इंचाचे १०, २०, ३० किंवा ४० सहस्रांश. कामशाळेत यांना 'दहाचे', 'वीसचे', 'तीसचे' म्हणतात.

हा संक्षेप सोयीचा खरा, पण त्यात तीन गोष्टी लुप्त झाल्या आहेत : कशाचे वीस, कोणत्या दिशेने वीस, आणि कशाच्या तुलनेने वीस. 'वीसचा पिस्टन' मूळ मापाहून २० सहस्रांश मोठा असतो. 'वीसचे बेअरिंग' मात्र २० सहस्रांश बारीक झालेल्या मानेसाठी असते. त्यास इंग्रजीत 'अंडरसाइज' म्हणत असले तरी ते स्वतः जाडच असते. आणि ती जाडी दोन अर्ध्या कवचांत वाटलेली असल्याने प्रत्येक कवच केवळ दहाच सहस्रांश जाड असते. मायक्रोमीटरने कवच मोजून 'हे दहाचे आहे' असा निष्कर्ष काढणारा शिकाऊ कारागीर मोजण्यात चुकलेला नसतो. तो अध्याहृत पद चुकीचे भरतो.

शिवाय एकाच क्रँकशाफ्टवर दोन प्रकारच्या माना असतात : ब्लॉकमध्ये फिरणाऱ्या मुख्य माना आणि कनेक्टिंग रॉड धरणाऱ्या क्रँकपिना. मुख्य माना दहावर आणि क्रँकपिना वीसवर ग्राइंड केलेल्या असणे मुळीच दुर्मीळ नाही. तेव्हा 'क्रँक वीसवर आहे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही माहिती म्हणून निरुपयोगी आहे.

दशमान पद्धतीने यात आणखी एक गुंता आणला. कारागीर ०.५० मिलिमीटरला 'वीस' आणि १ मिलिमीटरला 'चाळीस' समजून व्यवहार करतात. वस्तुतः इंचाचे २० सहस्रांश म्हणजे ०.५०८ मिलिमीटर आणि ४० सहस्रांश म्हणजे १.०१६ मिलिमीटर. क्रँकची मान बरोबर १ मिलिमीटर उतरविली आणि कवच मात्र इंची चाळीसचे घातले, तर मधली फट ०.०१६ मिलिमीटरने कमी होते. हे माप सहस्रांशात अर्ध्याहून थोडे अधिक भरते. तेलासाठी ठेवावयाची फट मुळात एक ते अडीच सहस्रांश इंचाची. तीत ही घट उपेक्षणीय नाही. सुतारकामात इंचाचा आठवा भाग म्हणजे 'सूत' हे पुरेसे सूक्ष्म माप होते. येथे त्याच सुताच्या शंभराव्या भागानेही इंजिनाचे भवितव्य ठरते.

५. व्यक्तीची जुळणी

आतापर्यंत पाहिलेली जुळणी कितीही सूक्ष्म असली तरी ती वर्गाची होती. विशिष्ट जातीचा, विशिष्ट मापाचा कोणताही भाग घ्या, तो चालेल. परंतु इंजिनात असे काही भाग असतात की ज्यांची जुळणी एका व्यक्तीची दुसऱ्या व्यक्तीशी असते. तेथे त्याच जातीचा, त्याच मापाचा दुसरा भाग उपयोगी पडत नाही.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी हे याचे उत्तम उदाहरण आहे. रॉडच्या खालच्या टोकाचे वर्तुळाकार छिद्र, टोपी जागेवर आवळून मग यंत्रावर पूर्ण गोल केलेले असते. अर्धे वर्तुळ रॉडमध्ये व अर्धे टोपीत. परंतु दोन्ही अर्धी एकाच क्रियेत जन्मलेली. दुसऱ्या रॉडची टोपी त्यावर लावली तर ती बसते, बोल्टही सहज जातात, पण वर्तुळ पूर्ण होत नाही. सांध्याशी एखाद्या सहस्रांशाची पायरी राहते. मुख्य बेअरिंगच्या टोप्या व ब्लॉक यांचेही असेच आहे. म्हणून रॉडवर व टोपीवर सिलिंडरचा क्रमांक ठोकलेला असतो. जुना कॅमशाफ्ट व त्यावर घासत आलेले टॅपेट यांची जुळणी जन्मजात नसते, ती सहवासाने झालेली असते. तरीही ज्या उंचवट्यावर जो टॅपेट होता, तेथेच तो परत ठेवावा लागतो.

शब्दाचा अर्थ आकृती की द्रव्य, हा वाद पतंजलीच्या महाभाष्यातून आपल्यास परिचित आहे. वाजप्यायनाचे मत आकृतीचे व व्याडीचे द्रव्याचे. 'पिस्टन' म्हणताना कारागिराच्या मनात आकृती असते. 'ही टोपी' म्हणताना द्रव्य असते. सुट्या भागांची सूची आकृतीपुरतीच बोलू शकते. द्रव्याविषयी काही सांगावयाचे तर ते त्या वस्तूवरच ठोकलेले असावे लागते, किंवा ज्याने ती खोलली त्याच्या स्मरणात असावे लागते.

हा भेद प्रस्तुत लेखकास पुस्तकातून नव्हे, तर नुकसानीतून कळला. घरच्या जुन्या जीपचे इंजिन काही वर्षांपूर्वी एका कामशाळेत बांधून घेतले. चारही रॉडच्या टोप्या एकाच ताटात धुतल्या गेल्या आणि परत लावताना दुसरी व तिसरी यांची अदलाबदल झाली. इंजिन हाताने फिरविताना जड वाटत होते. मी तसे बोलूनही दाखविले. 'नवं आहे, बसेल,' असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याच्या मनात 'रिंगा बसणे' हा अर्थ होता, आणि तो अप्रामाणिक मुळीच नव्हता. नव्याने बांधलेले इंजिन थोडे जड फिरतेच. मीही तोच अर्थ घेतला आणि निश्चिंत झालो. पहिल्याच लांबच्या फेरीत, पुण्याहून साताऱ्यास परतताना, खंबाटकीच्या चढावर तेलाचा दाब उतरला, खालून ठोके ऐकू येऊ लागले आणि इंजिन बसले. मात्र दुसऱ्या अर्थाने.

खोलून पाहता दुसऱ्या रॉडचे बेअरिंग वितळून क्रँकपिनीस चिकटलेले आढळले. क्रँकपिना आधीच तीसवर होत्या. त्या चाळीसवर न्याव्या लागल्या. त्यापुढचे कवच सहसा मिळत नाही. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या त्या क्रँकशाफ्टला आता आणखी एका चुकीची सवलत उरलेली नाही. 'जड का आहे?' या प्रश्नाचे उत्तर 'बसेल' या एका शब्दात देऊ न देता, एकेक टोपी सैल करून कोणत्या टोपीपाशी जडपणा जातो हे पाहिले असते, तर अर्ध्या तासात दोष सापडला असता.

६. फसवी जुळणी

सर्वांत घातक जुळणी ती, जी प्रथमदर्शनी निर्दोष वाटते. बोल्टाच्या आट्यांचे उदाहरण घेऊ. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा. तीन अष्टमांश इंची जाड आट्याच्या बोल्टावर दोन्ही पद्धतींत इंचामागे १६ आटेच असतात. म्हणून इंग्रजी नट अमेरिकन बोल्टावर चढतो, शेवटपर्यंत जातो आणि आवळलाही जातो. परंतु कोन भिन्न असल्याने आट्यांच्या पूर्ण पृष्ठावर भार न येता तो एका अरुंद रेषेवर येतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचे मात्र तसे नाही. तेथे व्हिटवर्थचे १२ व अमेरिकन १३ आटे असल्याने नट आरंभीच अडतो आणि चूक उघड होते.

मराठी विद्यार्थी हिंदी वाचताना 'शिक्षा' शब्दापाशी अडखळतो, याचे कारण हेच आहे. शब्द अनोळखी असता तर त्याने कोश उघडला असता. रूप जुळल्यामुळे त्याला शंकाच येत नाही. पूर्ण परका घटक स्वतःच आपला परकेपणा जाहीर करतो. अर्धवट सारखा घटक मात्र वाक्यात शिरतो, इंजिनातही शिरतो, आणि भार आल्यावर दगा देतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून जुळणीचा विचार कोणत्या क्रमाने करावा हे स्पष्ट होते. प्रथम ब्लॉकची जात निश्चित करावी : एल-हेड की एफ-हेड, साखळी की दंतचक्र. नंतर त्या जातीच्या अधीन असलेले घटक एकत्र निवडावे. कॅमशाफ्टबरोबर पंप, फ्लायव्हीलबरोबर स्टार्टर. तिसऱ्या पायरीस प्रत्येक मानेचे व प्रत्येक सिलिंडरचे माप स्वतंत्रपणे, एकक लिहून नोंदवावे. चौथ्या पायरीस जोडीचे भाग खोलतानाच खुणा करून वेगळे ठेवावे. आणि शेवटी, बसलेला प्रत्येक भाग जुळलाच आहे असे न मानता तो हाताने फिरवून, फट मोजून पाहावा. क्रम उलटा करून, म्हणजे आधी बसवून पाहून मग जातीचा विचार करणारा मनुष्य, बसणाऱ्या भागांच्या मोहात सापडतो.

भाषेच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम निघते. या जुळणीविषयीचे बरेचसे ज्ञान निर्मात्याच्या सूचीत आढळत नाही. कोणत्या इंजिनाचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या इंजिनास, काय फेरफार केल्यावर, किती दिवस चालतो, हे कोणत्याही कंपनीने लिहून ठेवलेले नाही. तसे लिहिणे तिच्या हिताचेही नव्हते. ते या महामार्गाच्या काठावरील वयोवृद्ध कारागिरांच्या बोलण्यात आहे, आणि पुष्कळदा एखाद्या क्रियापदाच्या निवडीत आहे. 'बसतो, पण जुळत नाही' हे त्यांचे वाक्य एका दीर्घ अनुभवाचा सारांश असते. विद्यार्थ्यांनी अशी वाक्ये, ती ज्या भागाविषयी व ज्या प्रसंगी उच्चारली गेली त्यांसह, टिपून ठेवावी. केवळ शब्दांची यादी केल्यास पिस्टन, क्रँक व बेअरिंग एवढेच हाती लागेल, आणि ते कोणत्याही इंग्रजी कोशात आहे. आपल्या हातून निसटू नये असे जे आहे ते त्या नामांच्या पुढे येणाऱ्या क्रियापदात आहे.